जडभरताची पालखी: स्वमग्न मुलांची वाचा आणि ऐकणाऱ्याची जबाबदारी

स्वमग्न मुलाच्या वाचा-उपचारात एका प्रश्नाचे उत्तर आधीच गृहीत धरलेले असते. मूल बोलू लागले की मग त्याचे ऐकायचे, की ते आताही काही सांगत आहे असे मानून सुरुवात करायची? पहिले उत्तर धरणारी पद्धत मुलाला शब्द घोकायला लावते, समोरच्याच्या डोळ्यांत बघायला शिकवते, हात फडफडवणे थांबवते आणि मूल चारचौघांसारखे दिसू लागले की उपचार यशस्वी झाला असे मानते. दुसरे उत्तर धरणारी पद्धत मूल आज ज्या रीतीने व्यक्त होते ती रीत आधी समजून घेते आणि तिच्यात भर घालते. ही दुसरी दृष्टी न्यूरोडायव्हर्सिटीच्या विचारातून आली. मेंदूंची घडण अनेक प्रकारची असते आणि वेगळी घडण म्हणजे बिघाड नव्हे, असा हा विचार 1990 च्या दशकात स्वमग्न व्यक्तींच्या आपापसातील चर्चांतून आकाराला आला. चित्रे, खेळ, गाणी ही साधने दोन्ही पद्धतींत पुष्कळदा तीच असतात. त्यांचा उपयोग कशासाठी करायचा हे मात्र त्या गृहीत उत्तरावरून ठरते. म्हणून या विषयाचा अर्धा भाग वैद्यकाचा असला तरी अर्धा भाग तत्त्वज्ञानाचा आणि धर्मविचाराचा आहे.

वाचा हीच बुद्धीची खूण, ही समजूत फार जुनी आहे. देकार्तने 1637 च्या आपल्या ग्रंथात माणूस आणि यंत्र यांतला भेद ओळखण्याची पहिली कसोटी भाषेची सांगितली. मूकबधिर माणसे खुणांची भाषा घडवतात हे त्याने त्याच जागी नोंदवले, तरी पुढच्यांच्या लक्षात राहिली ती कसोटीच. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्क नसलेल्यांची यादी आहे. तीत जन्मांध, बधिर, उन्मत्त आणि जड यांच्याबरोबर मूकही आहे. लगेच पुढच्या श्लोकात त्यांना अन्नवस्त्र दिलेच पाहिजे असे बजावले आहे. म्हणजे पोसायचे, पण वाटा द्यायचा नाही. मराठी बोलीत ‘मुका’ हा शब्द जनावराला सहज लागतो आणि न बोलणाऱ्या मुलाच्या आईला ‘समजतं का हो त्याला?’ असे त्याच्यादेखत विचारले जाते, त्यामागे हाच हिशेब आहे.

परंपरेत याच्या उलट जाणारा धागाही आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. बौधायन गृह्यशेषसूत्रात मूक, बधिर आणि जड मुलांच्या उपनयनाचा वेगळा विधी दिला आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याची नोंद घेतली आहे. बटूला मंत्र म्हणता येत नसेल तर आचार्याने ते म्हणावेत आणि बाकीच्या क्रिया बटूकडून मुकाट्याने करवून घ्याव्यात, असा त्याचा आशय आहे. मुलाला बोलता येत नाही म्हणून त्याला संस्काराबाहेर न ठेवता विधीच त्याच्यापुरता वळवला आहे. आजचा उपचारतज्ज्ञ ज्याला सोयीचा बदल म्हणतो, त्याचे हे जुने आणि नेमके उदाहरण आहे.

या प्रश्नाची सर्वांत खोल मांडणी मात्र भागवताच्या पाचव्या स्कंधात, जडभरताच्या कथेत सापडते. पूर्वीच्या एका जन्मी हरणाच्या पाडसात जीव गुंतून योगभ्रष्ट झालेला भरत राजा या जन्मी ब्राह्मणाच्या घरी येतो. पुन्हा कशात गुंतायला नको म्हणून तो लोकांना जड, आंधळा, मुका, बहिरा वाटेल असाच वागतो. बाप त्याची मुंज करतो आणि वसंत व ग्रीष्माचे चार महिने त्याला गायत्री शिकवत बसतो, पण त्याला ती काही केल्या येत नाही. बाप चिवट आहे, त्याचा मुलावर जीव आहे, आणि मूल शिकलेच पाहिजे ही त्याची ओढ खरी आहे. पण मुलाच्या मनात काय आहे हे विचारायचे त्याच्या ध्यानात येत नाही. आईबाप गेल्यावर सावत्र भाऊ त्याला शिकवायचे सोडून देतात आणि शेतावर राबवतात. जेवायला कण्या, पेंड, कोंडा, करपलेली खरवड असे जे मिळेल ते तो खातो.

पुढे दोन प्रसंग येतात आणि कथेचा सारा भार त्या दोहोंतल्या फरकावर आहे. पहिल्यात मूल व्हावे म्हणून भद्रकालीला नरबळी द्यायला निघालेल्या एका दरोडेखोर नायकाची माणसे रात्री शेत राखणाऱ्या भरताला पकडून नेतात. तो ‘नको’ म्हणत नाही. त्याला न्हाऊ घालतात, माळ घालतात, खड्ग उगारतात, तरी तो काही बोलत नाही. तेव्हा देवीच मूर्तीतून बाहेर पडते आणि त्यांना मारते. दुसऱ्या प्रसंगात सिंधुसौवीरचा राजा रहूगण पालखीतून जात असतो आणि भोई कमी पडला म्हणून भरताला जुंपतात. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून भरत बाणभर अंतरापर्यंतची जमीन पाहून पाऊल टाकतो. इतर भोयांच्या चालीशी त्याची चाल जुळत नाही, पालखी हिंदकळते आणि राजा त्याला टोचून बोलतो. मग भरत तोंड उघडतो आणि आत्मविद्येवर असे बोलतो की राजा पालखीतून उतरून त्याचे पाय धरतो.

राजाने मान दिला तो बोलणे ऐकल्यावर. देवीने रक्षण केले ते एक शब्दही ऐकण्याआधी. कीर्तनकार सहसा दुसऱ्या प्रसंगावर रंगतात, कारण त्यात वेदान्त आहे. उपचाराच्या तत्त्वज्ञानासाठी पहिला अधिक मोलाचा आहे. आत्मविद्या न सांगता भरत तसाच मुका चालत राहिला असता, तर रहूगणाच्या लेखी तो आडदांड भोईच राहिला असता आणि मुंग्यांची गोष्ट कोणाला कळली नसती. न बोलणाऱ्या मुलाविषयी ‘आत खोलवर कोणीतरी हुशार दडले आहे’ असे म्हणून त्याला मान मिळवून देण्याची धडपड होते, तीही रहूगणाच्याच बाजूची आहे. मूल हुशार निघाले नाही तर काय, हा प्रश्न ती टाळते.

पालखी हिंदकळण्यामागे कारण असते आणि ते बाहेरून दिसत नाही, ही गोष्ट आधुनिक वैद्यकाने स्वतःच्या वाटेने शोधली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी 8 बोलत होती, 3 बोलत नव्हती. ‘ऑटिस्टिक’ या शब्दात ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’ आहे आणि मराठीतला ‘स्वमग्न’ त्यावरूनच बेतला आहे. मूल स्वतःत बुडालेले आहे, त्याला इतरांचे काही नाही, असा निवाडा या नावातच दडलेला आहे. दुसरा शब्द तितका रुळलेला नसल्याने तो वापरावा लागतो, पण वापरताना हे भान हवे.

कॅनर यांचा 1946 चा छोटा लेख त्या मानाने कमी वाचला गेला, आणि तोच आज जास्त कामाचा आहे. या मुलांची असंबद्ध वाटणारी वाक्ये कुठून आली याचा माग त्यांनी त्यात काढला. पॉल नावाने नोंदलेला एक मुलगा काही फेकावेसे वाटले की ‘कुत्रा गच्चीतून टाकू नकोस’ अशा अर्थाचे वाक्य म्हणायचा, तिथे कुत्राही नसायचा आणि गच्चीही. आईला आठवले, की पूर्वी एका हॉटेलात तो खेळण्यातला कुत्रा सारखा खाली टाकत होता आणि ती वैतागून हेच म्हणाली होती. तेव्हापासून मुलगा त्या वाक्याने स्वतःला आवरत होता. याच मुलासाठी पातेल्यासारख्या भांड्याचे नाव एका बालगीतातला तुकडा होते, कारण आई ते गीत म्हणत असताना एकदा तिच्या हातून पातेले पडले होते. ऐकणाऱ्याला उगम कळला की वाक्याला अर्थ येतो. अर्थ मुलाकडे पहिल्यापासून होता, ऐकणाऱ्याकडे नव्हता.

हा धागा तिथेच तुटला. पुढची दोन-तीन दशके आईलाच दोषी धरण्यात गेली. ब्रूनो बेटलहाइम यांच्या 1967 च्या पुस्तकाने थंड, मायाहीन आईमुळे मूल असे होते ही कल्पना लोकप्रिय केली. आपल्याकडे ‘मागच्या जन्मीचे भोग’ म्हणून जो ठपका बहुधा आईच्याच माथी येतो, त्याहून हे शास्त्र वेगळे नव्हते. कर्मसिद्धान्ताच्या अभ्यासकांना हा वापर मान्य होण्यासारखा नाही. कर्माचा विचार माणसाने स्वतःच्या आचरणाकडे बघावे म्हणून आहे, दुसऱ्याच्या मुलाचे निदान करण्यासाठी नाही.

मग वर्तनोपचार आला. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील इव्हार लोव्हास यांनी 1987 मध्ये जाहीर केले, की आठवड्याला 40 तास शिकवलेल्या 19 मुलांपैकी 9 मुले सर्वसाधारण मुलांच्या पातळीला पोचली. आधीच्या वर्षांत याच प्रयोगशाळेत ओरडणे, चापट मारणे, विजेचे धक्के देणे हे उपायही वापरले गेले होते. आजचा वर्तनोपचार पुष्कळ बदलला आहे आणि सगळ्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण ‘इतरांपासून वेगळे ओळखू न येणे’ हे यशाचे माप तिथून रूढ झाले आणि शब्दाच्या बदल्यात खाऊ देण्याची पद्धत वाचा-उपचारातही शिरली. मूल ‘बिस्कीट’ म्हणते तेव्हा ते बोलत असते की किंमत मोजत असते, हे अशा तासिकेत ठरवता येत नाही.

उत्तर स्वमग्न व्यक्तींकडूनच आले. जिम सिंक्लेअर यांनी 1993 मध्ये पालकांना उद्देशून लिहिले, की आमच्यासाठी शोक करू नका, कारण तुम्ही ज्याच्यासाठी रडता ते मूल कधी नव्हतेच आणि जे आहे ते तुमची वाट बघत आहे. डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये ‘दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न’ मांडला. स्वमग्न माणसाला इतर कळत नाहीत हे जितके खरे, तितकेच इतरांना स्वमग्न माणूस कळत नाही हेही खरे, मग दोष एकाच बाजूला का? 2020 मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टीच्या खेळासारखा प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या साखळीतून एक गोष्ट पुढे सरकवली. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीने ती इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचवली, गळती झाली ती मिश्र साखळीत. नंतरच्या मोठ्या चाचणीत मिश्र साखळीही मागे पडली नाही. दोन्ही वेळा स्वमग्न साखळी कमी ठरली नाही, आणि जुन्या गृहीतकाला धक्का देण्यास तेवढे पुरे आहे.

या विचाराने प्रत्यक्ष उपचारात जे बदलले, त्यात सर्वांत मोठी गोष्ट पुनरुक्तीची आहे. मूल ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणते, त्याला इकोलेलिया म्हणतात. मराठीत त्याला ‘पोपटपंची’ म्हणण्याची सवय आहे आणि हा शब्द मुलावर अन्याय करतो. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकान यांनी 1981 मध्ये दाखवले, की लगेच केलेल्या पुनरुक्तीची निदान सात कामे असतात: कधी होकार, कधी मागणी, कधी आपली पाळी घेणे, कधी मनाशी उजळणी. तहानलेले मूल ‘तुला पाणी हवं का?’ असे म्हणते, कारण पाणी येते तेव्हा हेच वाक्य ऐकू येते. आईकडून भाषा उचललेला मुलगा ‘मी येते’ म्हणू शकतो. जुन्या पद्धतीत असे बोलणे थांबवले जाई. नव्या पद्धतीत पाणी आधी दिले जाते आणि देताना ‘मला पाणी हवंय’ हे मुलाच्या तोंडचे वाक्य सहज म्हटले जाते. पुन्हा म्हणवून घेतले जात नाही.

यातूनच एक अधिक व्यापक मत पुढे आले. काही मुले सुटे शब्द जोडत भाषा शिकतात, तर काही अख्खी वाक्ये, अख्ख्या चाली उचलतात आणि मग त्या मोडून शब्द मोकळे करतात. अ‍ॅन पीटर्स यांनी हा भेद 1970-80 च्या दशकांत मांडला आणि मार्ज ब्लँक यांनी 2012 च्या पुस्तकात त्यावर उपचाराची पायरी-पद्धत उभारली. पद्धत फार लोकप्रिय झाली, पण तिच्या परिणामकारकतेचा पुरावा अजून तोकडा आहे आणि पालकांना हे स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. मुलाचा मान राखणारी म्हणून कोणतीही पद्धत आपोआप सिद्ध होत नाही.

तरी मुळातली कल्पना भारतीय वाचकाला अनोळखी वाटू नये. पाचव्या शतकाच्या सुमाराचा भर्तृहरी वाक्यपदीयात म्हणतो, की अर्थाचे खरे एकक वाक्य आहे आणि ते अखंड आहे. शब्द हे व्याकरणाच्या सोयीसाठी त्यातून वेगळे काढलेले अंश आहेत. अर्थ तुकड्यातुकड्याने जमत नाही, तो एकदम उजळतो, त्याला तो प्रतिभा म्हणतो. वाणीची वैखरी, मध्यमा आणि पश्यन्ती अशी रूपे त्याने मानली. कानाला ऐकू येते ती वैखरी, आणि तिच्याआधी मनात क्रम धरणारी व त्याही आधी क्रमच नसलेली वाणी असते. काश्मीरच्या शैवांनी पुढे परा ही चौथी पायरी जोडली. भर्तृहरी स्वमग्न मुलांविषयी बोलत नव्हता आणि त्याला पुरावा म्हणून उभे करणे चूक ठरेल. पण वैखरी नाही म्हणजे वाणीच नाही हा निष्कर्ष त्याच्या तत्त्वज्ञानात बसत नाही, एवढे निश्चित म्हणता येते. उपचारकक्षात याचा अर्थ साधा आहे. आरती अख्खी चालीवर म्हणणारे पण ‘नाव काय?’ या प्रश्नाला उत्तर न देणारे मूल भाषेच्या बाहेर नसते. ते भाषेत दुसऱ्या दाराने आलेले असते.

वैखरी फुटत नसेल तर दुसरे साधन द्यावे लागते. स्वमग्न मुलांपैकी साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश मुले शाळेच्या वयातही फारसे बोलू शकत नाहीत. त्यांच्यासाठी चित्रांचे तक्ते, खुणा, टॅबवरची बोलकी चित्रे असतात. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या अभिकल्प विभागात तयार झालेले ‘जेलो’ हे अ‍ॅप मराठीतही चालते. तक्ता दिला तर मूल आळशी होईल, बोलणारच नाही, ही पालकांची भीती समजण्यासारखी आहे. 2006 आणि 2008 च्या संशोधन-आढाव्यांत अशा साधनांमुळे बोलणे मागे पडल्याचे दिसले नाही, काहींचे थोडे वाढलेच. या तक्त्यावर ‘नको’ आणि ‘थांबा’ हे शब्द पहिल्या दिवसापासून असावेत, असा या पद्धतीचा आग्रह असतो. ‘दे’, ‘पाणी’, ‘खाऊ’ शिकवणारे पुष्कळ असतात. नकार शिकवणे म्हणजे उद्या तो नकार आपल्यालाच ऐकावा लागणार हे मान्य करणे. भद्रकालीच्या देवळात नेलेल्या भरताजवळ तो शब्द असूनही त्याने वापरला नाही. या मुलांजवळ तो नसतोच, आणि देवी मूर्तीतून बाहेर येण्यावर कोणाला विसंबता येत नाही.

नजरेला नजर देण्याची सक्ती, हात हलवण्यावर बंदी, गप्पांचे घोकलेले नमुने हे या पद्धतीत उद्दिष्ट म्हणून ठेवले जात नाहीत. अनेक स्वमग्न प्रौढांनी सांगितले आहे, की डोळ्यांत बघायचे की ऐकायचे, यांतले एकच त्यांना जमते. दिवसभर इतरांसारखे वागण्याचा मुखवटा त्यांना थकवून टाकतो आणि संशोधनात या मुखवट्याचा संबंध नैराश्याशी व आत्महत्येच्या विचारांशी आढळला आहे.

आक्षेपही गंभीर आहेत. पहिला पालकांचा: ‘आमच्या पश्चात याचे काय?’ जग बदलेपर्यंत मूल थांबू शकत नाही, रिक्षावाल्याला पत्ता आणि डॉक्टरला दुखणे त्याला सांगता आले पाहिजे. हा आक्षेप पूर्ण खरा आहे आणि स्वीकारवादी उपचार म्हणजे काहीच न करणे असा अर्थ जिथे लावला जातो, तिथे मुलाचे नुकसान होते. दुखते कुठे हे सांगता येणे हे कोणत्याही दृष्टीने चांगलेच उद्दिष्ट आहे. दुखणे बोटाने दाखवले तर चालेल की तोंडानेच सांगितले पाहिजे, वाद तेवढ्यावर आहे.

दुसरा आक्षेप ऐकण्याच्या अतिरेकाविषयी. 1990 च्या दशकात मुलाचा हात धरून त्याच्याकडून अक्षरे टंकून घेण्याची पद्धत गाजली. मूक मुले अचानक सुंदर वाक्ये लिहू लागली. मग चाचणीत मुलाला एक चित्र आणि मदतनीसाला दुसरे दाखवले, तेव्हा टंकलेले उत्तर मदतनीसाच्या चित्राचे निघाले. अमेरिकेतील वाचा-उपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने 2018 मध्ये ही पद्धत वापरू नये असे पुन्हा बजावले. मदतनीस बहुतेक प्रामाणिक होते, हे यातले सर्वांत दुःखाचे. मुलाला आवाज देण्याच्या तळमळीत त्यांनी त्याच्या जागी स्वतःचा आवाज बसवला. न बोलणाऱ्या मुलाला ‘देवाघरचं फूल’ किंवा अवलिया म्हणणे याच जातीचे आहे. देव केलेल्या मुलाला दात दुखतात का, हे कोणी विचारत नाही.

ऐकणे आणि कल्पनेने भरणे यांतली सीमा कुठे? चांगदेवाने ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठवल्याची कथा मराठी मनात रुजलेली आहे. मायना काय लिहावा हे न सुचल्याने कागद कोरा राहिला. मुक्ताबाईने तो कोरेपणा म्हणजे अज्ञान असे वाचले, निवृत्तिनाथांनी उत्तर देण्यास सांगितले आणि ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. ज्ञानेश्वरांनी चांगदेवाच्या नावाने काहीही लिहिले नाही. कोरा कागद त्यांनी पत्र म्हणून स्वीकारला आणि उत्तर स्वतःच्या नावाने दिले. उपचारतज्ज्ञालाही एवढेच करता येते: मुलाच्या हालचालीचा अर्थ अंदाजाने लावायचा, त्या अंदाजावर आपले उत्तर द्यायचे, आणि मुलाच्या पुढच्या प्रतिसादावरून तो अंदाज दुरुस्त करत राहायचे.

संवाद फक्त तोंडी शब्दांचा नसतो, ही व्याप्ती कायद्याने मान्य केली आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता 21 दिव्यांगत्वांपैकी एक आहे, आणि त्यातील ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येत खुणा, स्पर्श, चित्रे, सोपी भाषा आणि पूरक व पर्यायी साधने येतात. व्यवहारात अडते ते भाषेपाशी. मुलाचा गोंधळ नको म्हणून घरी फक्त इंग्रजी बोला, असा सल्ला मराठी पालकांना अजून दिला जातो. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांची भाषा मागे पडते असे संशोधनात आढळलेले नाही. त्या सल्ल्याने मुलाची आजी मुकी होते. संध्याकाळी देवापाशी बसून ती हरिपाठ म्हणते, शेजारी मूल डुलत असते, आणि एखाद्या ओळीच्या शेवटी थांबून ती त्याच्याकडे बघते. मूल कधी ओळ पुरी करते, कधी नुसता टाळ वाजवते, कधी काहीच करत नाही आणि आजी पुढची ओळ धरते.